परसातल्या संत्र्याला डिंक्या लागला तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडच्या गावात घरामागे आठ वर्षांची संत्र्याची दोन झाडं आणि एक कागदी लिंबू आहे. पावसाळ्यात एका संत्र्याच्या बुंध्यातून डिंक यायला लागला, आता त्याची पानं पिवळी पडलीत आणि एक फांदी वाळली. लिंबाच्या पानांवर काळा थर आहे, फळांवर खरबरीत ठिपके आहेत. कृषी केंद्रातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून दोनदा फवारलं, फरक नाही. शेजारी म्हणतात तोडून टाका, नाहीतर सगळ्यांना लागेल. तिन्ही झाडांना एकच बुरशी आहे का आणि तोडावं का, हे तुम्हाला हवं आहे.

एकच नाही. तुमच्या वर्णनावरून संत्र्याला डिंक्या आहे, म्हणजे बुंध्याची साल आणि मुळं कुजवणारा रोग. लिंबाला दोन वेगळ्याच भानगडी आहेत आणि त्यातली एक तर बुरशीच नाही. तोडायची घाई करू नका. कार्बेन्डाझिम मात्र थांबवा. औषध वाईट नाही, पण या रोगाशी त्याचा काही संबंध नाही. का नाही ते पुढे सांगतो. आधी रोग तोच आहे याची खात्री करून घ्या, कारण बुंध्यातून डिंक आला म्हणजे डिंक्याच असं नसतं.

संत्रावर्गातलं झाड कुठेही दुखावलं की डिंक सोडतं. वावरातल्या झाडापेक्षा परसातल्या झाडाला जखमा जास्त. कपडे वाळत घालायची तार त्यालाच बांधलेली, बकरी त्यालाच बांधलेली, विळा त्यातच खुपसून ठेवलेला. फळ धरावं म्हणून खोडात खिळा ठोकणारेही अजून आहेत. त्यानं फळ येत नाही, भोक तेवढं पडतं. असा डिंक जखमेपुरता येतो आणि जखम भरली की थांबतो. डिंकाबरोबर बारीक भुसा दिसला आणि जवळच भोक असेल तर खोडकिडा समजा. फांद्यांच्या बेचक्यात भुशा-विष्ठेची जाळी लोंबत असेल तर ती साल खाणारी अळी. जाळी साफ करायची, भोकात लवचिक तार घालून अळी मारायची, काम झालं.

डिंक्याचा डिंक खाली येतो. बहुतेक वेळा जमिनीपासून हातभर उंचीच्या आत, जिथे भोक नाही, भुसा नाही, मारही लागलेला नाही. हा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे झडीच्या दिवसांत धुऊन जातो आणि घरच्यांना वाटतं रोग गेला. चार दिवस उघडीप मिळाली की पुन्हा थेंब दिसतात. तेव्हा कोरड्या दिवशी बघा. डिंकाच्या जागी चाकूच्या टोकानं साल नखाएवढी खरवडा. निरोगी साल आतून पांढुरकी-पिवळसर, ओलसर असते. डिंक्याची जागा तपकिरी, पाणी शोषल्यासारखी दिसते, आणि दोन्हींच्या मधली हद्द स्पष्ट असते. रोग जुना असेल तर साल सुकून उभी तडकते आणि पट्ट्यांनी सुटते.

दुसरी खूण पानावर. पान पिवळं आहे एवढं पुरेसं नाही, कुठून पिवळं आहे ते बघा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर ती जस्ताची किंवा लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती घरोघरी. उलट मधली शीर आणि तिच्या फांद्याच पिवळ्या आणि बाकी पान त्यामानानं हिरवं असेल, तर खाली बुंध्यात किंवा मुळात वाट अडली आहे. पानात तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही, ते वरच तुंबतं.

तिसरी खूण मुळांत, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर. फांद्यांची सावली जिथे संपते तिथे खुरप्यानं वीतभर उकरा आणि केसासारखी बारीक मुळं चिमटीत धरून ओढा. चांगल्या मुळाची साल सुटत नाही. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात पांढरा दोरा उरतो. खोडावर डिंकाचा थेंबही नाही पण मुळं अशी झाली आहेत, अशी झाडं मी पुष्कळ पाहिली. म्हणून तुमच्या दुसऱ्या, वरून ठणठणीत दिसणाऱ्या संत्र्याचीही मुळं आजच बघा.

आणखी एक गोष्ट फसवते. मरणपंथाला लागलेलं झाड भलत्या वेळी फुलानं लदबदतं. मालक खूष होतो आणि वर्षभरात झाड जातं. पान कमी, फूल जास्त आणि फळ बारीक, असं दिसलं की मुळं तपासा.

आता कारण. डिंक्या करणाऱ्या जिवाला शास्त्रात फायटोप्थोरा म्हणतात. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक काळं करून ज्यानं दुष्काळ पाडला तो याच कुळातला. सफरचंदाच्या बुंध्याची साल कुजवणाराही याच कुळातला. हल्ली आपल्याकडे काही हौशी लोक कमी थंडीत येणारं सफरचंद परसात लावतात, त्यांनीही हे ध्यानात ठेवावं. आपण याला बुरशी म्हणतो, कृषी केंद्रातही बुरशीच म्हणतात, पण खऱ्या बुरशीशी याचं नातं दूरचं. त्याची घडण वेगळी असल्यामुळे कार्बेन्डाझिम किंवा हेक्साकोनॅझोल ज्या जागी घाव घालतात ती जागा याच्यात एक तर नसते किंवा वेगळी असते. तुमच्या दोन फवारण्या म्हणूनच वाया गेल्या. फांद्या शेंड्याकडून वाळत येतात त्या शेंडेमर रोगावर मात्र हेच कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम चालतं. तिथे ते ठेवा, इथे नको.

या जिवाचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीच्या कणांमधे पाणी भरलेलं असेल तर ते मुळापर्यंत, बुंध्याच्या सालीपर्यंत स्वतःहून जातात. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असेल तर त्यांना हलता येत नाही. सगळा रोग आणि सगळा इलाज या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणून औषधाचं नाव विचारण्याआधी मी नेहमी विचारतो: बुंध्याला पाणी किती दिवस लागून असतं?

परसात ते कायम लागलेलं असतं. न्हाणीचं पाणी नाली करून झाडाकडे वळवलेलं, कारण फुकट जाऊ नये. भांडी घासायची जागा झाडाखाली, कारण सावली. रोजचा केरकचरा, राख, पालापाचोळा बुंध्याशी लोटलेला, दरवर्षी दोन बोटं थर चढतो. त्यावर कळस म्हणजे पार. झाड फळाला आलं की घरचे कौतुकानं विटांचा पार बांधतात, आत माती भरतात, वर बसायची सोय करतात. त्या मातीत बुंधा दीड-दोन फूट गाडला जातो आणि पावसाळाभर ओला राहतो. तुमच्या झाडाभोवती पार आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर तोच पहिला आरोपी.

संत्र्याचं झाड कलमी असतं. खाली जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचं खोड, त्याला खुंट म्हणतात, आणि त्यावर भरलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी. डोळा भरलेल्या जागी खोडाची जाडी आणि सालीचा पोत बदलतो, नीट पाहिलं की दिसतं. ती जागा जमिनीपासून किमान ९ इंच वर, उघडी, वारा लागेल अशी हवी. वरच्या संत्र्याच्या सालीला ओल्या मातीचा स्पर्श अजिबात सोसत नाही. जंबेरीचं खोडही या रोगाला कच्चंच. तेव्हा पार फोडा, भर काढा, हातानं किंवा खुरप्यानं जपून, जाड मुळं फुटतात तिथपर्यंत बुंधा मोकळा करा. फावड्यानं घाव घातलात तर रोगाला नवं दार उघडून द्याल.

न्हाणीचं पाणी केळीकडे, अळूकडे वळवा. साबणाचा दोष कमी, रोजच्या ओलीचा जास्त. संत्र्याला दुहेरी आळं करा. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर एक गोल वरंबा, फांद्यांच्या घेराखाली दुसरा, आणि पाणी फक्त दोन वरंब्यांच्या मधल्या बांगडीत. आतल्या वर्तुळात मातीला बुंध्याकडून बाहेर उतार द्या. झाडाला पाणी पिणारी बारीक मुळं बाहेरच्या बाजूला असतात, बुंध्याशी ओतलेलं पाणी तसंही त्याच्या फारशा कामाचं नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन जरूर करा, पण बुंध्यापासून हातभर लांब. मृगाआधी बांगडी फोडून पाणी बाहेर काढायची नाली करा. भारी काळ्या जमिनीत हे केलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. निचरा पाहायचा असेल तर फूटभर खोल खड्डा करून संध्याकाळी पाण्यानं भरा. सकाळी पाणी तसंच दिसलं तर नाली दोन फूट खोल लागेल.

आता पाऊस उघडला आहे, उन्हं पडलीत, जखम साफ करायला हीच वेळ. भर पावसात साल खरवडू नये. धारदार चाकू घ्या, स्पिरिटनं पुसा. तपकिरी झालेली साल पूर्ण काढा, आणि कडेनं अर्धा-पाऊण इंच निरोगी सालही काढा, कारण रोग दिसतो त्याच्या थोडा पुढे गेलेला असतो. लाकडात खोल जायचं नाही, फक्त साल. खाली पोतं अंथरून सगळे तुकडे गोळा करा आणि जाळा, तिथेच टाकू नका. मग विहिरीत टाकतात ते लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट, लिटरभर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून जखम धुवा. सुकू द्या. त्यावर बोर्डो मलम.

बोर्डो मलम विकत आणण्यापेक्षा घरी करा, दोन-तीन झाडांना कितीसं लागतं? मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. मोरचूद कुटून रात्री अर्ध्या लिटर पाण्यात भिजत घाला. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी-पितळी नाही. चुना वेगळ्या भांड्यात थोडं थोडं पाणी शिंपडत विझवा. तो उकळल्यासारखा उसळतो, तोंड लांब ठेवा, मुलांना दूर ठेवा. थंड झाला की अर्धा लिटर करून गाळा. मग मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत काठीनं ढवळा. आकाशी रंगाचं दाटसर मलम होतं. त्यात लोखंडी खिळा किंवा जुनं ब्लेड मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, झाड भाजेल, आणखी चुन्याचं पाणी घाला. मलम त्याच दिवशी वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी बिनकामाचं. चुना कळीचाच हवा. पानठेल्यावरच्या भिजवलेल्या चुन्यात पाणी किती आणि चुना किती याचा हिशोब लागत नाही.

जखमेवर लावून झालं की जमिनीपासून तीन फुटांपर्यंत तिन्ही झाडांचे बुंधे चारी बाजूंनी रंगवा. हे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि पावसाळा सरल्यावर. नुसता गेरू-चुना दिसायला छान, पण डिंक्या त्याला भीत नाही. गंमत अशी की हे मिश्रण फ्रान्समध्ये बोर्डो भागात द्राक्षाच्या केवडा रोगावर मिलार्डे यांनी १८८५ साली पुढे आणलं, आणि केवडा हाही फायटोप्थोराचाच दूरचा भाऊबंद. इतक्या वर्षांत महागडी औषधं आली, पण बुंध्याला लावायला मी अजून हेच सांगतो.

मुळांसाठी मात्र बाजारातलं औषध लागेल. दोन आहेत, एक निवडा. मेटालॅक्सिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के या मिश्र भुकटीचं २.५ ग्रॅम प्रति लिटर द्रावण, झाडाला १० लिटर, फांद्यांच्या घेराखाली ओल्या मातीत ओतायचं. हे मुळांतून वर चढतं, वरून खाली येत नाही, म्हणून ते जमिनीतच द्यायचं. दुसरं फोसेटिल एएल, तेही २.५ ग्रॅम प्रति लिटर, पण पानांवर फवारायचं, कारण ते पानातून खाली मुळापर्यंतही उतरतं. झाडाला पानं चांगली असतील तर फोसेटिल, पानं झडली असतील तर मेटालॅक्सिल. तुमच्या आजारी झाडाला आता मेटालॅक्सिल द्या, दुसऱ्या संत्र्याला फोसेटिल. पुढच्या वर्षी पाऊस लागल्यावर एकदा आणि चाळीसेक दिवसांनी पुन्हा. दर महिन्याला मेटालॅक्सिल ओतत बसू नका, रोग त्याला सरावतो आणि मग तेही चालत नाही. फोसेटिल आणि कोणतंही तांब्याचं औषध एकत्र किंवा लागोपाठ फवारू नका, पानं भाजतात.

ट्रायकोडर्माबद्दल सगळे विचारतात. चांगलं आहे, झाडाला १०० ग्रॅम, कुजलेल्या शेणखतात आठवडाभर सावलीत मुरवून. पण ती जिवंत बुरशी आहे. रासायनिक औषध ओतलं त्याच आठवड्यात दिली तर तिलाच मारून टाकाल. किमान तीन आठवडे जाऊ द्या. लागलेला डिंक्या ती बरा करणार नाही, निरोगी झाडाची राखण करील.

फवारणी घरामागे आहे, वावरात नाही. कोंबड्या, बकऱ्या, विहीर, पाण्याची टाकी सगळं जवळ. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून झालेल्या विषबाधेत माणसं गेली, हे आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ, आणि दुकानदार सांगेल म्हणून दोन-तीन औषधं एका टाकीत मिसळणं बंद. फळं झाडावर असतील तर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढे थांबा.

आजारी झाडावरची आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची, फळं यंदा मोह सोडून उतरवून टाका. वाळकी फांदी हिरव्या भागात दोन बोटं घेऊन कापा, कापल्या जागी बोर्डो मलम लावा. त्या झाडाला फुलं यावीत म्हणून पाणी तोडून ताण देऊ नका. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या तिन्ही झाडांच्या काढा, खालून दोन-अडीच फूट मोकळं राहू द्या. पावसाचे थेंब मातीवर आपटून उडतात आणि तोच रोग खालच्या फळांना लागतो. फळावर तपकिरी चामड्यासारखा डाग पडतो, उग्र वास येतो आणि फळ गळतं. भाद्रपदात संत्री पटापट गळतात त्यातली काही यानेच. गळलेली फळं झाडाखाली राहू देऊ नका.

लिंबाचं आता थोडक्यात. पानांवरचा काळा थर ही कोळशी. ओल्या फडक्यानं पुसून बघा, निघून येईल आणि खाली हिरवं पान असेल. ही बुरशी पानात शिरत नाही, काळी माशी किंवा मावा जो चिकट गोड रस टाकतो त्यावर ती वाढते. पानाच्या मागच्या बाजूला बारीक काळे, चिकटलेले ठिपके दिसतील, ती माशीची पिल्लं. निंबोळी तेल लिटरला १० मिली, थोडा कपडे धुण्याचा साबण घालून, पानांच्या मागून फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. कीड गेली की कोळशी आपोआप सुकून झडते. फळांवरचे आणि पानांवरचे खरबरीत, उंचवटलेले, भोवती पिवळी कड असलेले ठिपके म्हणजे खैऱ्या. तो जिवाणूचा रोग, कागदी लिंबाला हमखास, संत्र्याला क्वचित. रोगट काड्या पावसाळ्यापूर्वी छाटून जाळा, नव्या पालवीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम फवारा. पानात वेडीवाकडी चंदेरी रेघ काढणारी नागअळी आवरा, तिच्या जखमांतून खैऱ्या शिरतो. खैऱ्याचं लिंबू दिसायला वाईट, पण खायला काही हरकत नाही.

राहिला तोडायचा प्रश्न. रोग पाण्यातून आणि मातीतून जातो, हवेतून नाही. म्हणून शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धंच खरं. आजारी झाडाखालचं पाणी निरोगी झाडाकडे वाहत असेल आणि तेच खुरपं दोन्हीकडे फिरत असेल तर लागेल. उतार बदला, खुरपं धुऊन घ्या. साल काढल्यावर बुंध्याचा घेर दोरीनं मोजा. साल गेलेला भाग निम्म्यापेक्षा कमी असेल तर झाड वाचवण्यासारखं आहे, वसंतातली पालवी कशी येते ते बघून ठरवा. तीन चतुर्थांशाच्या वर गेली असेल आणि बारीक मुळांचे नुसते दोरे उरले असतील तर माझ्या मते औषधाचा खर्च करू नका. मुळासकट काढा, जाळा.

तिथेच दुसरं संत्रं मात्र लगेच लावू नका. रोगाचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. खड्डा उन्हाळाभर, नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस होईपर्यंत, उघडा तापू द्या, त्या जागी सीताफळ किंवा शेवगा लावा आणि संत्रं दुसरीकडे. ते लावताना जमिनीच्या बरोबरीनं नको, मुरूम-माती-शेणखताचा दीड फुटाचा उंचवटा करून त्यावर. रोग बऱ्याचदा नर्सरीच्या पिशवीतल्या मातीतूनच घरी येतो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त रोपं मिळतात, नोंदणी आधी करावी लागते. जवळच्या नर्सरीतून घेणार असाल तर रंगपूर खुंटावरचं मागा, डोळा किती उंचावर भरलाय ते मोजा आणि एक पिशवी फाडून मुळं दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर पुढच्या नर्सरीत जा.